गोष्ट सांगून झाली, आता पेन्सिल द्या

फोन आला तेव्हा मी कामावर होतो. कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात आहे, त्यामुळे दिवसभर कानाला फोन असतोच. पण हा माझ्या स्वतःच्या मोबाइलवर आला, आणि दोन वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात अकरा दिवस होतो तिथून आला. "घरी गेलेल्या पेशंटसाठी आम्ही फॉलो-अपची नवीन सेवा सुरू करतोय, आत्महत्या प्रतिबंधाची. त्यात जिवंत अनुभव असलेल्या व्यक्तींचा सहभाग हवा आहे."

जिवंत अनुभव. मी जिवंत आहे आणि अनुभव आहे, एवढ्यापुरतं ते बरोबरच होतं. मला हसू फुटलं. पलीकडच्या बाईही गडबडल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे... ज्यांनी हे भोगलंय असे." हा शब्द मला पटला. पुढे वर्षभर आम्ही आपसात 'भोगलेले' असंच म्हणत राहिलो, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना 'मागे राहिलेले'. इतिवृत्तात मात्र शेवटपर्यंत 'अनुभवी प्रतिनिधी' छापून येत होतं.

मी काय केलं होतं आणि कसं, ते इथे लिहिणार नाही. ते वाचून कुणाचं भलं होत नाही, झालं तर वाईटच होतं. प्रयत्न केला होता, वाचलो, एवढं पुरे. आणि वाचता वाचता तुमच्याच मनात तसं काही घोळत असेल तर हे बाजूला ठेवा. आधी कुणाला तरी सांगा, डॉक्टरला, हेल्पलाइनला, शेजारी बसलेल्या माणसाला, एका वाक्यात का होईना. लेख कुठे पळून जात नाही.

पहिल्या बैठकीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. टेबलाभोवती बारा जण, त्यातले आम्ही चार. मला दहा मिनिटं दिली होती. मी सांगितलं. मधे एकदा आवाज गेला, पाणी प्यायलो, पुन्हा सांगितलं. एका डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. कुणीतरी म्हणालं, "बोलल्यानं तुम्हालाही मोकळं वाटलं असेल." मग पडद्यावर सेवेचा आराखडा आला. डिस्चार्जनंतर सातव्या दिवशी फोन, तिसाव्या दिवशी फोन, नव्वदाव्या दिवशी फोन. तीनदा उचलला नाही तर केस बंद. कोपऱ्यात माहितीपत्रकांचे गठ्ठे होते, सुतळी बांधलेले. म्हणजे छापूनही झाले होते. मी विचारलं, "यावर आमचं मत हवंय का?" उत्तर आलं, "हो तर! शेवटची पाच मिनिटं त्यासाठीच ठेवली आहेत."

त्या रात्री झोप आली नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. दोन वर्षं नीट घडी घालून ठेवलेलं सगळं मी दहा मिनिटांत बारा लोकांपुढे उलगडलं होतं आणि आता ते परत घडी होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मला कुणाचा फोन आलेला नाही. फॉलो-अपची सेवा आखायला बसलेली माणसं फॉलो-अप विसरली होती.

मी चिडून ईमेल लिहिला. लांबलचक होता, पुसून पुसून चार ओळींचा केला. शेवटची ओळ अशी होती: 'माझी गोष्ट सांगून झाली आहे. यापुढे मला बोलवायचं असेल तर पेन्सिल द्या.'

समन्वयक मॅडमचा तासाभरात फोन आला. सबब नाही, स्पष्टीकरण नाही, "चुकलं" एवढंच. मग त्यांनी एका जुन्या लेखाबद्दल सांगितलं. शेरी अर्न्स्टीन नावाच्या बाईंनी 1969 साली नगरनियोजनाबद्दल लिहिताना लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात वर सत्ता खरोखर लोकांच्या हाती, सगळ्यात खाली त्यांना नुसतं गुंडाळणं. मधल्या पायऱ्या माहिती देणं, मत विचारणं, चुचकारणं अशा, आणि त्यांना बाईंनी सरळ नावापुरता सहभाग म्हटलं. पण मला आवडली ती खालून दुसरी पायरी. तिचं नाव 'उपचार'. लोकांना निर्णयात घेतो असं सांगायचं आणि प्रत्यक्षात त्यांनाच बरं करत बसायचं. 'तुम्हालाही मोकळं वाटलं असेल' हे वाक्य नेमकं कुठल्या पायरीवर उभं होतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या बैठकीच्या आधी चार गोष्टी ठरल्या. मसुदा छापायच्या आधी, दोन आठवडे आमच्याकडे येणार. आमच्यातल्या दोघांनी एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं तर ती का ठेवली याचं लेखी उत्तर मिळणार. आमच्यापैकी कुणालाही कधी एकट्याला बोलवायचं नाही. आणि प्रत्येक बैठकीच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन. दुसऱ्या बैठकीला मॅडमनी माझ्यासमोर खरोखरच पेन्सिल ठेवली, नवी कोरी, टोक काढलेली. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण मी ती घेतली.

फोनच्या मुद्द्यावर मात्र मला तज्ज्ञ म्हणून बोलता आलं, कारण माझा धंदाच तो. मी विचारलं, हे फोन कुठल्या नंबरवरून जाणार? रुग्णालयाच्या बोर्डावरून. म्हणजे अनोळखी नंबर. आता ज्याचं सगळं विस्कटलेलं आहे त्या माणसाला अनोळखी नंबरवरून कुणाचे फोन येत असतात? वसुलीवाल्यांचे. माझे तर हप्ते थकले होते. तेव्हा मी फोन पालथा घालून ठेवायचो, म्हणजे उजेड पडलेला दिसू नये.

रुग्णालयात याआधीही असे फोन जात होते, नुसतं रजिस्टरवर चालायचं. मी माझी नोंद बघायला मागितली. मॅडमनी बाकीच्या ओळींवर कागद ठेवून माझी ओळ दाखवली. निळ्या शाईत तीन तारखा, प्रत्येकीपुढे 'प्रतिसाद नाही', आणि शेवटी लाल शाईत 'बंद'. खाली पट्टीनं ओढलेली रेघ. तिसरी तारीख मला चांगली आठवत होती. त्या दिवशी मी घरीच होतो, फोनपासून हातभर अंतरावर, आणि दिवस मुळीच चांगला नव्हता. आमच्या ऑफिसातही असंच असतं. तीनदा प्रयत्न, 'ग्राहक उपलब्ध नाही', तक्रार आपोआप बंद. दर महिन्याला मी अशा शेकड्यांनी तक्रारी बंद करतो. त्या ओळीकडे बघताना मला रुग्णालयाचा राग आला नाही, माझ्या कामाची आठवण आली आणि पोटात ढवळलं.

आणि हे दिवस साधे नसतात. मानसोपचार विभागातून घरी सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे, हे जगभरच्या अभ्यासांचं 2017 साली झालेलं एकत्रित विश्लेषणही सांगतं. ज्या दिवसांत धागा तुटू नये त्याच दिवसांत आपण तीन प्रयत्नांत केस बंद करत होतो.

मोठे डॉक्टर तोपर्यंत गप्प असायचे. आम्हाला वाटायचं, यांना आमचं पटत नाही. पण त्या दिवशी तेच म्हणाले, "पत्रांचा एक प्रयोग झाला होता." जेरोम मोटो नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी 1969 च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोत सुरू केलेला. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या किंवा सोडून दिलेल्या 843 लोकांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं गेली, दुसऱ्याला नाही. पत्रात सल्ला नाही, तारीख नाही, मागणी नाही. आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर लिहा, इतकंच. पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता. निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. "साधी गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच बहुधा कुणी करत नाही." त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचं माझं मत बदललं. नंतर आमची भांडणं झाली, पण ती आपल्या माणसाशी होतात तशी.

मग ठरलं, फोनच्या आदल्या दिवशी मेसेज जाईल. पहिला मसुदा कार्यालयातून आला: 'आपल्या प्रकृतीविषयी विचारपूस करण्याकरिता मानसोपचार विभागामार्फत आपणांस संपर्क साधण्यात येईल.' मी पेन्सिल उचलली. 'संपर्क साधण्यात येईल' म्हणजे कोण साधणार? नाव हवं. फोन कोण करणार, किती वाजता, कुठल्या नंबरवरून, हे लिहा. आणि शेवटी 'उत्तर दिलं नाहीत तरी चालेल' हे हवंच. यावर एकाची हरकत होती: असं लिहिलं तर कोण उत्तर देईल? मी म्हटलं, देणारा त्यामुळेच देईल. ज्याच्या डोक्यावर आधीच देण्याची यादी आहे त्याला आपण आणखी एक देणं का द्यायचं?

'मानसोपचार विभाग' हे शब्द काढायला लावले ते आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीनं. ती फारसं बोलायची नाही. त्या दिवशी मान वर न करता म्हणाली, "माझा फोन आई बघते." टेबलावरच्या एकाही शहाण्या माणसाला हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी एकटा राहतो. मेसेज अखेर असा झाला: नमस्कार, मी अमुक. त्या दिवशी आपली भेट झाली होती. कसं चाललंय याची आठवण आली. उद्या अकराच्या सुमारास याच नंबरवरून फोन करेन. बोलावंसं नाही वाटलं तर उचलू नका, मी पुन्हा कधीतरी करेन.

'केस बंद' मात्र पूर्ण गेलं नाही. रजिस्टरला कुठेतरी शेवट लागतो म्हणतात. आता तीन न उचललेल्या फोननंतर पत्र जातं, आणि 'बंद'ऐवजी 'दार उघडं' असं लिहितात. मला हे जरा नाटकी वाटतं. पण लाल शाई गेली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका प्रश्नावर. नैराश्य मोजायला डॉक्टर नऊ प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली वापरतात, पीएचक्यू-9. तिच्यातला नववा प्रश्न असा की, गेल्या दोन आठवड्यांत 'मरून गेलेलं बरं' किंवा 'स्वतःला इजा करावी' असे विचार किती वेळा आले? एका प्रश्नात दोन प्रश्न. मला तो विचारला गेला होता, प्रयत्नाच्या महिनाभर आधी, दुसऱ्याच एका दवाखान्यात. मी 'अजिबात नाही' वर खूण केली होती. मी खोटं बोललो नव्हतो. 'इजा' हा शब्द वाचला आणि मला पट्टी, टाके, रक्त आठवलं. तसं काही माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात होतं ते हे की रात्री झोपावं आणि सकाळ होऊच नये. हे कुणी विचारलंच नाही.

मी म्हटलं, प्रश्न बदला. डॉक्टर म्हणाले, नाही. शब्द बदलला की मोजपट्टीचा अर्थ बदलतो, मग ते आकडे कशाशीच ताडून बघता येत नाहीत. तीन बैठका आम्ही यावर अडलो. आज मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. आमचंही होतं. शेवटी मोजपट्टी आहे तशी राहिली, पण तिच्या आधी, कागद न काढता, सिस्टरनं बोलताबोलता विचारायचे दोन प्रश्न ठरले. पहिला: 'झोपावं आणि उठूच नये, असं वाटतं का?' कोलंबिया स्केल म्हणून जी दुसरी प्रश्नावली आहे तिची सुरुवात साधारण अशाच प्रश्नानं होते, हे नंतर कळलं. दुसरा: 'जीव द्यावा असं मनात येतं का?'

या दुसऱ्या प्रश्नाला एक सिस्टर घाबरत होत्या. असं सरळ विचारलं आणि नसलेलं मनात आलं तर? 'काही बरंवाईट तर मनात नाही ना?' असं विचारू या का? भीती खोटी नव्हती, पण अभ्यासांनी ही गोष्ट बरीच तपासली आहे आणि विचारल्यानं विचार बळावतात असं आढळलेलं नाही. मी त्यांना माझ्याकडून सांगितलं, की 'नाही ना?' असं विचारलं की माणूस 'नाही' म्हणतो. तुम्हाला तेच हवंय हे त्याला ऐकू येतं. मला पहिल्यांदा कुणी 'जीव द्यायचा विचार येतो का' असं सरळ विचारलं ते वाचल्यानंतर, वॉर्डात. तेव्हा छातीवरचं कुणीतरी उठल्यासारखं झालं होतं.

शब्दांवरून आणखीही खटके उडाले. माझ्या केसपेपरवर 'फसलेला प्रयत्न' असं लिहिलेलं होतं. मी मेलो नाही ही फसगत म्हणायची? आता नुसतं 'प्रयत्न' लिहितात. 'आत्महत्या' या शब्दातच हत्या बसलेली आहे, तो टाळावा असं एकाचं म्हणणं होतं. पण त्याजागी जे जे सुचलं ते कार्यालयीन तरी होतं नाहीतर कवितेसारखं. तो शब्द ठेवला.

आता काकूंबद्दल. त्या मागे राहिलेल्यांपैकी. मुलगा गेला तो डिस्चार्जनंतर सहाव्या आठवड्यात. घरच्यांना कळवायचं की नाही यावर चर्चा चालली होती. काकूंचं म्हणणं, विचारायचंच कशाला, सरळ कळवा. "मला कुणी सांगितलं नव्हतं कशाकडे बघायचं." ती लहान मुलगी म्हणाली, "घरी कळवणार असाल तर मी आलेच नसते." पुन्हा काकू, पुन्हा ती. मीही मधे काहीतरी बोललो, गोपनीयतेबद्दल, आणि काकू माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सगळे परत आलात," त्या म्हणाल्या. "माझा नाही आला."

पंखा तेवढा फिरत होता. मॅडमनी ती शांतता मोडली नाही, याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मी जिवंत असण्याची माफी मागावी असं क्षणभर वाटलं, आणि तो विचार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, त्यामुळे मी तो तिथेच पकडला. बैठक थांबवली. पुढच्या दोन बैठका भोगलेल्यांच्या वेगळ्या आणि मागे राहिलेल्यांच्या वेगळ्या झाल्या. हे पहिल्यापासून करायला हवं होतं. दोन्ही अनुभव एका शब्दात कोंबले जातात, पण एकाला दार उघडं हवं असतं आणि दुसऱ्याला दारावर पहारा.

त्यातून निघालेली गोष्ट सोपी होती. पेशंटनं स्वतः एक नाव सांगायचं, नातेवाइकाचंच असं नाही, आणि त्याला काय कळवायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. आणि घरच्यांना एक पान द्यायचं ज्यात पेशंटबद्दल काहीच नाही; कशाकडे लक्ष ठेवायचं, घर सुरक्षित कसं ठेवायचं, रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, एवढंच. सर्वसाधारण माहिती दिल्यानं कुणाची गुपितं फुटत नाहीत. ते पान काकूंनी लिहिलं. मी त्यावर पेन्सिल लावली नाही.

सुरक्षा आराखड्याचं थोडक्यात सांगतो. म्हणजे पुन्हा तसं मनात आलं तर काय करायचं आणि कुणाकडे जायचं, ते आधीच लिहून ठेवलेला कागद. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली मांडलेला सहा टप्प्यांचा कागद आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात आराखडा आणि नंतरचे फोन मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांतले प्रयत्न आणि तत्सम वागणं जवळजवळ निम्म्यावर आलेलं दिसलं. त्या आराखड्यात मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा हा एक टप्पा, आणि ज्यांच्याकडे मदत मागायची ती माणसं हा वेगळा. आमच्याकडच्या कागदावर जागा वाचवायला दोन्ही एकत्र केले होते. मी हट्टानं वेगळे करायला लावले. ज्याच्याबरोबर मी संध्याकाळी फिरायला जातो त्याला यातलं काही माहीत नाही आणि माहीत नसण्यातच त्याचा उपयोग आहे. दुसरं, 'मदत मागण्यासारखी माणसं' यापुढे तीन ओळी आखलेल्या होत्या. मला वॉर्डात एकच नाव सुचलं होतं, आणि उरलेल्या दोन रिकाम्या ओळी मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. आता ओळी आखत नाहीत, नुसती मोकळी जागा असते.

मानधनाचं म्हणाल तर मिळालं, उशिरा. व्हाउचरवर 'पदनाम' असा रकाना होता. लेखा विभागाच्या माणसानं विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, डॉक्टरांपुढे काय लिहिलंय? 'तज्ज्ञ'. मग माझ्यापुढेही तेच लिहा. त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं. रक्कम मात्र तज्ज्ञाची नव्हती. बैठका कामाच्या दिवशी सकाळी अकराला असायच्या. साहेबाला मी दर वेळी दाताचं कारण सांगितलं. त्याच्या हिशेबानं माझ्या तोंडात आता एकही दात शिल्लक नसावा.

दर वेळी वाईट बातम्याच ऐकायच्या असंही नव्हतं. एकदा डॉक्टरांनी सांगितलं की प्रयत्नातून वाचून रुग्णालयात आलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत. हे मला दोन वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. मी स्वतःला उलट्या बाजूनं मोजत आलो होतो. ते वाक्य आम्ही माहितीपत्रकात घातलं. आधीचे सुतळीचे गठ्ठे रद्दीत गेले.

गेल्या महिन्यात सहज त्या ओपीडीत डोकावलो. आमचे दोन प्रश्न संगणकात अजून चढलेले नाहीत. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं, बदलाला मंजुरी लागते, फाइल कुठेतरी आहे. पडद्यावर जुनाच क्रम दिसत होता. पण पडद्याच्या कडेला चिकटपट्टीनं एक चिठ्ठी लावली होती, हातानं लिहिलेली, कोपरे मळलेले. दोन ओळी, दोन प्रश्न. 'नाही ना' कुठे नव्हतं. अक्षर त्याच घाबरणाऱ्या सिस्टरचं होतं.